मुखवटा, नाव आणि येरवडा

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा. अर्धी वाचून भांडायला येणारे आपल्याकडे कमी नाहीत.

विषय आहे निनावी खात्यांचा. आपल्या दक्षिण सोलापूर-अक्कलकोट भागात आता मोठ्या गावांतून एखादं तरी बिननावाचं पेज दिसतं. कुणी गटारीच्या बिलाचा फोटो टाकतं, कुणी रेशनचा हिशेब विचारतं, तर कुणी नुसतंच समोरच्याची आई-बहीण काढतं. मग कट्ट्यावर दोन तट पडतात. पोरं म्हणतात, "व्हीपीएन लावलं की कोण पकडतंय बे?" वडीलधारे म्हणतात, "नाव सांगायची हिंमत नसेल तर तोंड उघडू नये." मला दोन्ही म्हणणी अर्धवट वाटतात. पोरांना तंत्र किती पुरतं ते माहीत नाही, आणि मोठ्यांना आपलाच इतिहास आठवत नाही. म्हणून हे लिहितोय.

सुरुवात मुंबईतून करू. ऑगस्ट १९४२. 'चले जाव'चा ठराव झाला, पुढारी पहाटेच पकडले गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. त्या महिन्याच्या शेवटी ४२.३४ मीटरवर एक आवाज ऐकू यायला लागला. हा काँग्रेस रेडिओ आहे आणि तो भारतातून कुठूनतरी बोलतोय, एवढाच पत्ता. चालवणाऱ्यांमध्ये उषा मेहता ही २२ वर्षांची विद्यार्थिनी होती, सोबत काही तरुण होते, पाठीशी राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते होते. ट्रान्समीटर एका जागी फार दिवस ठेवायचा नाही, खोल्या बदलत राहायचं, बोलायची जागा वेगळी आणि प्रक्षेपणाची जागा वेगळी. आजच्या भाषेत सांगायचं तर ते रोज आपला 'आयपी' बदलत होते. लहरीचा माग काढणाऱ्या पोलिसांच्या गाड्या शहरात फिरत होत्या, तरी जवळजवळ तीन महिने रेडिओ चालला.

१२ नोव्हेंबर १९४२ ला धाड पडली. कशामुळे? यंत्राची माहिती असलेला त्यांच्यातलाच एक तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला होता, त्याच्याकडून ठिकाण कळलं. उषा मेहतांनी चौकशीत तोंड उघडलं नाही. चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या येरवड्याच्या तुरुंगात गेल्या.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, लपलेला माणूस बहुतेक वेळा यंत्रामुळे सापडत नाही, सोबतच्या माणसामुळे सापडतो. दुसरी, येरवडा. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

आता इंटरनेटच्या काळात या. ११ आणि १३ मे १९९८ ला पोखरणला अणुचाचण्या झाल्या. साधारण तीन आठवड्यांत मुंबईच्या ट्रॉम्बेतल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत 'मिलवर्म' नावाचा एक गट घुसला. त्यांनी केंद्राचे ई-मेल उचलले आणि वेबसाइटवर अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र लावून ठेवलं. अण्वस्त्रांना विरोध म्हणून हे केलं, असं त्यांचं म्हणणं. गटात कोण होतं? ब्रिटन, अमेरिका, न्यूझीलंड अशा देशांत बसलेली मिसरूड फुटायच्या वयातली पोरं. खरी नावं नाहीत, नुसती टोपणनावं. थेट ट्रॉम्बेला न येता ती अमेरिकेतल्या लष्करी आणि नासाच्या संगणकांतून वळसे घेत आली. म्हणजे एखाद्याने वळसंगहून सोलापूरला जाताना मागचा माणूस चुकवायला आधी विजापूर, मग पंढरपूर फिरून यावं, तसलं. राजकीय हेतूने संगणक फोडण्याला आज 'हॅक्टिव्हिझम' म्हणतात. जगभर गाजलेल्या त्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक, आणि ते आपल्या महाराष्ट्रात घडलंय.

ही पोरं बातमीदारांशी चॅटवर गप्पा मारायची. आपण काय केलं, कसं केलं, हे सांगायची. ही हौस लक्षात ठेवा. पुढे अनेकांना तिनेच बुडवलंय.

मग 'अनॉनिमस' आलं. पांढरा मुखवटा, वर वळलेल्या मिशा, तो चेहरा तुम्ही पाहिला असेल. याला अध्यक्ष नाही, सभासद नोंदणी नाही, कुणीही म्हणावं मी अनॉनिमस. भारतात त्यांचं नाव गाजलं ते मे २०१२ मध्ये. तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने चित्रपटांची चोरी रोखायचा एक आदेश दिला होता. त्याचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी अख्ख्याच्या अख्ख्या साइट बंद केल्या. 'व्हीमिओ'सारखी, जिथे लोक स्वतः केलेले व्हिडिओ टाकतात ती साइटसुद्धा. म्हणजे एका दुकानात चोरीचा माल सापडला म्हणून सगळी पेठ बंद. याच्या निषेधात अनॉनिमसने सर्वोच्च न्यायालयाची आणि काँग्रेस पक्षाची वेबसाइट काही काळ बंद पाडली. पुढे रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या यंत्रणेत घुसून त्यांनी कंपनी काय काय अडवते याची यादीच बाहेर काढली.

९ जून २०१२ ला ते रस्त्यावर उतरले. मुंबईत आझाद मैदानावर मुखवटे घालून पोरं जमली. गर्दी फार नव्हती. मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आझाद मैदानावर आंदोलन करायचं तर पोलिसांची परवानगी लागते, आणि परवानगीच्या अर्जावर कुणाचं तरी खरं नाव आणि सही लागते. पडद्यावरचा मुखवटा मैदानावर आला की त्याच्यामागे एक नाव द्यावंच लागतं. त्याच जून महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने खुलासा केला की अख्खी साइट बंद करू नका, चोरीच्या चित्रपटाचा नेमका पत्ता तेवढा अडवा. म्हणजे त्या पोरांची तक्रार बिनबुडाची नव्हती.

आता पोरांच्या त्या वाक्याकडे येतो. "कोण पकडतंय?" जगात नावाजलेले हॅकर कसे सापडले ते सांगतो, मग ठरवा.

डिसेंबर २०१० मध्ये अनॉनिमसने 'पेपाल'वर हल्ला केला, कारण पेपालने विकिलीक्सची देणगी थांबवली होती. हजारो पोरांनी एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून बटण दाबलं. ते सॉफ्टवेअर तुमचा पत्ता लपवतच नव्हतं. मोर्चात तोंड बांधून जावं आणि पाठीवर घरनंबर लिहून जावं, असला प्रकार. जुलै २०११ मध्ये अमेरिकेत या प्रकरणी १४ जणांवर खटले भरले गेले.

२०११ मध्येच 'लल्झसेक' नावाचा गट गाजला. त्यांचा म्होरक्या 'साबू'. सगळ्यांना सावध राहायला शिकवणारा हा गडी एकदा आपला पत्ता न झाकता चॅटवर आला आणि तेवढ्यावर एफबीआय त्याच्या न्यूयॉर्कच्या घरी पोहोचली. ७ जून २०११ ला तो पकडला गेला आणि तिथून पुढे महिनोन् महिने त्याच नावाने, त्याच रुबाबात, पोलिसांसाठी काम करत राहिला. सोबतच्यांना पत्ताच नाही. काँग्रेस रेडिओची आठवण आली का? सत्तर वर्षांनी तंत्र बदललं, फासा तोच.

साबूच्या माहितीवर शिकागोचा जेरेमी हॅमंड सापडला. तो 'टॉर' वापरत होता. टॉर म्हणजे तुमचा संदेश तीन ठिकाणांहून उड्या मारत नेणारी व्यवस्था, यातल्या कुणालाच पहिला आणि शेवटचा पत्ता एकत्र कळत नाही. तंत्र पक्कं. पण हा माणूस वेगवेगळ्या टोपणनावांनी गप्पा मारताना सहज बोलून जायचा: मी २००४ च्या आंदोलनात पकडलो गेलो होतो, मी तुरुंगात राहून आलोय, मी टाकून दिलेलं अन्न खातो. एफबीआयने तुकडे जुळवले आणि जगात हे सगळं लागू पडणारा एकच माणूस उरला. दहा वर्षांची शिक्षा झाली.

आणखी एकाने मैत्रिणीचा फोटो टाकला. चेहरा दाखवला नव्हता, पण फोन जागेचे अक्षांश-रेखांश फोटोतच लिहून ठेवतो. त्या धाग्यावरून पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले. आणखी एकाने पैसे भरून ब्रिटिश कंपनीचं व्हीपीएन घेतलं होतं. कोर्टाचा आदेश आला, कंपनीने वही उघडून दिली. व्हीपीएन म्हणजे काय, तर तुमचं नाव गावाला न सांगणारा दुकानदार. पण त्याला ते माहीत असतं. भारतात तर २८ एप्रिल २०२२ च्या 'सर्ट-इन'च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायची आहे. काही कंपन्यांनी त्यावरून आपले सर्व्हर देशाबाहेर हलवले.

आणि डिसेंबर २०१३ ची हार्वर्ड विद्यापीठाची गोष्ट. परीक्षा टळावी म्हणून एका विद्यार्थ्याने टॉर वापरून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉरने त्याला लपवलं, पण त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवर टॉर वापरणारे होते किती? बोटांवर मोजण्याइतके. पोलीस त्याच्या दारात गेले आणि त्याने कबूल केलं.

हे आपल्या गावाला लावून बघा. गर्दीत लपता येतं, वस्तीत नाही. मुंबईत एक कोटीत एक असता, गावात 'असलं कोण लिहील' असं म्हटलं की चार नावं पुढे येतात. शिवाय आपली भाषा. 'काय करलालास' असं एकदा टंकलं की तुम्ही सोलापूरचे, हे सांगायला सायबर सेल लागत नाही. मधेच एखादा कन्नड शब्द आला की तालुकाही कळतो. गटारीचा फोटो कुठल्या गच्चीवरून काढलाय, हे तर शेंबडं पोरगं सांगेल.

मग वडीलधाऱ्यांचं खरं का? नाव सांगूनच बोलावं का?

नाव सांगून बोलण्याची किंमत सोलापूरला कुणी शिकवायला नको. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मे ला गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण गेला, जमावाने कोर्ट पेटवलं, मंगळवार पेठेच्या चौकीत दोन पोलीस मारले गेले. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांचं राज्य उरलं नाही, मग १२ मे ला मार्शल लॉ आला. दोन पोलीस कुणी मारले? जमावाने. जमावाला नाव नसतं. सरकारला मात्र नावं हवी होती. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि 'गझनफर' वर्तमानपत्र चालवणारे कुर्बान हुसेन. चौघेही उघडपणे, नावानिशी चळवळीत होते. त्यांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिली. कुठे? येरवड्याला. जमावाचा राग नाव असलेल्या माणसांवर काढला, असंच सोलापूर आजवर मानत आलंय.

बिननावाच्या कृत्याला सत्ता नाव शोधतेच. ते नाव बरोबर असेल याची खात्री नसते. हे फक्त इंग्रजांचं नाही. ऑगस्ट २००७ च्या अखेरीस पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला उचललं. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांविषयी घाणेरडा मजकूर टाकला, असा आरोप. पुरावा काय, तर इंटरनेट कंपनीने दिलेला आयपी पत्ता. त्या माणसाने ५० दिवस येरवड्यात काढले. नंतर निघालं की पत्ता त्याचा नव्हताच, कंपनीने चुकीची माहिती दिली होती. ज्याने तो मजकूर टाकला तो मुखवट्याआड राहिला, ज्याचा काही संबंध नाही तो आत गेला.

असं का होऊ शकतं, ते समजून घ्या. आयपी पत्ता म्हणजे सातबारा नव्हे, कायमचा तुमच्या नावावर नसतो. लॉजच्या खोलीसारखा असतो. सकाळी एक गिऱ्हाईक, संध्याकाळी दुसरं. तारीख, वेळ आणि तास-मिनिटं अचूक नसतील तर वहीत भलत्याचं नाव निघतं. मोबाईल नेटवर तर एकाच पत्त्यावर एका वेळी कित्येक जण असतात. म्हणून 'आयपी सापडला म्हणजे आरोपी सापडला' असं कुणी म्हटलं की दोन प्रश्न जास्त विचारा.

आता नाव सांगून बोलणाऱ्यांचं काय झालं तेही बघा. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारात जमिनीचे व्यवहार उघडे करत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त 'लाइक' केलं होतं. खरी नावं, खरी खाती. ज्या कलमांचा त्यात वापर झाला त्यातलं ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवलं, पण अटक व्हायची ती होऊन गेली होती. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ ला झाला. त्यात निनावी तक्रार चालत नाही, नाव द्यावं लागतं. आणि संरक्षण देणाऱ्या त्या कायद्याच्या अंमलबजावणीची अधिसूचना वर्षानुवर्षं निघाली नाही. म्हणजे नाव आधी द्या, छत्री नंतर बघू.

एवढं पाहिल्यावर निनावी लिहिणाऱ्या प्रत्येकाला भेकड म्हणायला माझी जीभ वळत नाही. ज्याचं पोट ज्या माणसाच्या हातात आहे, त्याच्याविरुद्ध त्याला बोलायचंय. रोजंदारीवरचा कामगार, अंगणवाडीची मदतनीस, कंत्राटी कर्मचारी. यांनी नावानिशी लिहावं असं पगाराची, जमिनीची आणि चार माणसांची ताकद पाठीशी असलेल्यांनी सांगणं मला पटत नाही.

पण मग सगळाच मुखवटा सारखा का? नाही. मी एक साधा हिशेब लावतो. मुखवटा घालून बोट कुणाकडे दाखवलंय? काँग्रेस रेडिओने साम्राज्याकडे दाखवलं. दुबळ्याने बलवानाला प्रश्न विचारायला लपणं वेगळं, आणि चार जणांनी लपून एखाद्या पोरीची बदनामी करणं वेगळं. दुसरं म्हणजे बोलणं तपासता येतं का? बिलाचा नंबर, ठरावाची तारीख, कामाचा फोटो टाकला असेल तर लिहिणारा कोण हे मला नाही कळलं तरी चालेल, कागद बोलतो. नुसती शिवी असेल तर नाव असूनही उपयोग नाही.

तिसरं, आणि हे पोरांसाठी. दुसऱ्याच्या संगणकात घुसणं, साइट पाडणं, पासवर्ड चोरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. आणि वर सांगितलेले सगळे तुमच्या-माझ्यापेक्षा हुशार होते, तरी सापडले. बढाई, मैत्री, कंटाळा आणि एखादा फोटो यांनी ते सापडले. जे काम माहितीच्या अर्जाने होतं, त्यासाठी येरवड्याचा रस्ता कशाला धरता? अर्जात कारण सांगावं लागत नाही, संपर्कापुरता तपशील पुरतो. एकट्याने भीती वाटत असेल तर दहा जणांनी दहा अर्ज करा. दहा नावांत एक नाव जितकं झाकलं जातं, तितकं कुठलंही व्हीपीएन झाकत नाही.

मला वाटतं खरी गोम इथेच आहे. साताऱ्याच्या प्रतिसरकारात क्रांतिसिंह नाना पाटील वर्षानुवर्षं इंग्रजांना सापडले नाहीत, ते कुठल्या यंत्रामुळे? गावं गप्प राहिली म्हणून. भाकर देणारी, निरोप पोहोचवणारी आणि विचारलं तर 'ठाऊक न्हाई' म्हणणारी माणसं होती म्हणून. आमच्या वळसंगला बाबासाहेबांच्या हस्ते खुली झालेली विहीर आहे. पाण्याचा हक्क सांगायला तिथे माणसं तोंड झाकून जमली नव्हती, उजेडात आणि एकत्र जमली होती. भूमिगत असो की उघड, दोन्हीकडे माणसाला माणसांनीच तोलून धरलं.

आज मुखवटे वाढलेत, याचा अर्थ पोरं भेकड झालीत असा मी घेत नाही. एकट्याने नाव सांगितलं तर मागे कुणी उभं राहील याची खात्री गावात उरली नाही, असा घेतो. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या निनावी पेजवर गावच्या कामाचा कागद दिसला, तर 'हे कोण बे?' हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न 'हे खरं का?' असा असू द्या. आणि खरं असेल तर ग्रामसभेत तो प्रश्न आपल्या नावाने विचारायला ज्याला परवडतं त्याने उठावं. ज्याला परवडत नाही, त्याचा मुखवटा आपण तरी ओढू नये.

बाकी मतभेद असतील तर खाली लिहा. स्वतःच्या नावाने लिहा किंवा टोपणनावाने, फक्त मुद्द्यावर लिहा.